मखमलरावांचा थबकलेला हात

माझी मान मागे टाकलेली होती, गळ्यावर साबणाचा फेस होता आणि हनुवटीकडून खाली उतरत आलेला वस्तरा कंठमण्यापाशी येऊन थांबला. आधी मला काही वाटलं नाही. मखमलराव दाढी करता करता थांबायचे, वस्तरा पुसायचे, एखादी थाप मारायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. या वेळी मात्र वस्तरा उचललाच गेला नाही. तो कातडीवर तसाच गार टेकून राहिला. मग मला कळलं की तो थरथरतोय.

मान हलवायची सोय नव्हती. नुसती बुबुळं खाली करून मी समोरच्या आरशात पाहिलं. मखमलराव माझ्याकडे बघतच नव्हते. ते आरशात स्वतःच्या हाताकडे बघत होते. गर्दीत आपल्या खांद्यावर कुणा परक्याचा हात पडला तर आपण त्या हाताकडे जसं बघू, तसं. चेहऱ्यावरचा रंग पार उडालेला. कपाळावरचा घाम भुवयांत साचत होता. बाहेर लख्ख दुपार होती, डोक्यावर पंखा फिरत होता, रेडिओवर कुणी बाई उद्याचं हवामान सांगत होती.

"मखमलराव," मी ओठ न हलवता म्हणालो.

"हलू नका." आवाज त्यांचा वाटेना. "हा हात माझा नाहीये. हलू नका, फ्रेमवाले."

मी श्वास धरला. त्यांनी डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट पकडलं आणि साप धरून न्यावा तसा तो हात माझ्या गळ्यापासून हळूहळू लांब नेला. वस्तरा बेसिनमध्ये खणकन पडला. मग छाती दाबून ते खाली फरशीवर बसले. "मी चाललो," म्हणाले. "तुमच्या वहिनींना सांगा, मी चाललो."

आमची दुकानं एका भिंतीला लागून. इकडे माझं फोटो फ्रेमचं दुकान, तिकडे त्यांचं सलून. वीसेक वर्षांत भिंतीपलीकडून त्यांच्या कात्रीचा आवाज ऐकला नाही असा कामाचा दिवस मला आठवत नाही. त्यांचं खरं नाव बायकोच्या आणि बहिणीच्या तोंडीसुद्धा फारसं येत नसे. वस्तरा फिरवला तरी गालाला मखमल लागल्यासारखं वाटतं, असं कुणीतरी कधीतरी म्हणालं आणि ते मखमलराव झाले. गिऱ्हाईक त्यांच्या खुर्चीत घोरायचं. दुखऱ्या दाढेचा माणूसही गाल त्यांच्या हवाली करायचा. भांडण, अपघात, आजारपण, कशानेही या माणसाचा हात हललेला कुणी पाहिला नव्हता.

मी त्यांना रिक्षात घालून इस्पितळात नेलं. माझ्या चेहऱ्याची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरीवर वाळलेला साबण. दारातल्या नर्सने आधी माझाच हात धरला आणि "यांना काय झालंय?" असं मखमलरावांना विचारलं.

ईसीजी काढला, रक्त तपासलं, पुन्हा ईसीजी काढला. तोवर त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात. भीतीचा झटका. ताण घेऊ नका."

"पण मी घाबरलो नव्हतो," मखमलराव म्हणाले. "मी दाढी करत होतो."

डॉक्टरांच्या पुढे रांग होती. ते हसले आणि पुढच्या खाटेकडे वळले.

संध्याकाळी मखमलरावांची थोरली बहीण आली. आम्ही सगळेच त्यांना ताई म्हणतो. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. आवाज अजून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा. त्या भावाच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, मलाही झालं होतं हे. निरोप समारंभाच्या दिवशी. भाषणाला उभी राहिले आणि समोरचं सभागृह एकदम लांब गेलं, दुर्बीण उलटी धरल्यासारखं. छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, वाटलं आता इथेच पडते. खाली बसले, पाणी प्यायले, थोड्या वेळाने उतरलं. पुन्हा कधी आलं नाही. तूही विसरशील."

वहिनी, म्हणजे मखमलरावांची बायको, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना फार धीर आला. मलाही आला. दुसऱ्या दिवशी मी सलूनमध्ये जाऊन म्हटलं, "उरलेली अर्धी दाढी कोण करणार?" मखमलराव हसले आणि त्यांनी ती केली. हात लोण्यासारखा चालला. विषय संपला असं आम्ही धरून चाललो.

पुढचा झटका सलूनमध्ये आलाच नाही. सुट्टीची सकाळ होती. ते गच्चीत वहिनींशेजारी बसून मटार सोलत होते. वहिनी भावजयीची काहीतरी गंमत सांगत होत्या आणि हे हसत होते. हसता हसता थांबले आणि मान वळवून जिन्याच्या दाराकडे पाहू लागले.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"कोणीतरी येतंय."

वहिनींनी उठून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. परत वळल्या तर मटाराचं ताट उपडं झालेलं, आणि हे कठड्याला पाठ लावून, तोंड उघडं टाकून, हवा ओढत होते.

या दुसऱ्या झटक्याने ते पहिल्यापेक्षा जास्त हादरले. पहिल्याला काही ना काही निमित्त सापडलं असतं. उकाडा होता, जेवण राहिलं होतं. गच्चीतल्या त्या सकाळी काहीच नव्हतं. "फ्रेमवाले," ते मला म्हणाले, "वारा होता, ऊन कोवळं होतं, मी हसत होतो. तिथेही आला. म्हणजे त्याला कुठेही येता येतं."

तेव्हापासून ते ऐकायला लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. बोलता बोलता मधेच गप्प व्हायचे, मान किंचित कलती करायचे, जसं घरात कुठे नळ टपकतोय का हे आपण ऐकतो. नजर तुमच्यावर असायची, पण लक्ष आत कुठेतरी. दोन बोटं सतत मनगटावर, नाडीवर. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारायचा, बोटं नाडीवर. फणी घ्यायची, बोटं नाडीवर. आणि इतकं लक्ष ठेवल्यावर नाडी धडधडणार नाही तर काय होईल? धडधडली की ते आणखी दचकायचे. मग तो यायचाच.

आधी त्यांनी दाढी करणं सोडलं. "फक्त केस," अशी पाटी लागली. मग चहा सोडला, कारण चहाने छाती धडधडते. जिना चढणं सोडलं, कारण जिन्याने धाप लागते आणि धाप म्हणजे सुरुवात. बाजारातली अरुंद गल्ली सोडली, बस सोडली, सिनेमा सोडला. वहिनी हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय घरात बसेनात. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर पाणीसुद्धा फुंकायला लागले होते.

लोक बोलायला लागलेच. सलूनमधली खुर्ची एका बंद पडलेल्या इस्पितळाच्या लिलावातली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोखंडी, पायाशी पट्टी असलेली, भारी मजबूत. आता कुणी म्हणे, त्या खुर्चीत कुणाचा तरी जीव गेलाय. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने तर त्या माणसाचं वर्णनही सांगायला सुरुवात केली. उंच होता, टक्कल होतं. टकल्या माणसाचं भूत सलूनमध्ये कशाला येईल, असं मी विचारलं. गोष्ट तरी थांबली नाही. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. मखमलराव हसण्यावारी नेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची विकून टाकली. नवी कोरी आणली. पहिल्याच आठवड्यात ती फिरवत असताना झटका आला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्यांचंही त्यांच्यासोबतच फिरत होतं.

मग एके दुपारी सलूनचं शटर अर्धं खाली होतं. मी आपल्या टेबलावर काच कापत होतो. भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज यायला लागला. कच कच, कच कच. मला बरं वाटलं, गिऱ्हाईक आलंय. पण सलूनमध्ये कात्रीबरोबर नेहमी माणसाचा आवाज असतो. बोलणं, खोकणं, खुर्चीचं कुरकुरणं. इथे नुसती कात्री. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. बराच वेळ.

मी वाकून शटरखालून आत गेलो. दोन्ही भिंतींवरच्या आरशांवर टॉवेल टांगलेले. पंखा बंद. खुर्ची रिकामी. मखमलराव खुर्चीमागे उभे राहून जिथे गिऱ्हाइकाचं डोकं असतं तिथली हवा कापत होते. डाव्या हातात फणी, ती अधांतरी उचललेली, तिच्यावरून कात्री चाललेली. काम नेमकं होतं. कानामागे वळताना त्यांनी अदृश्य कान बोटाने अलगद दुमडला.

"मखमलराव?"

ते थांबले. "बघतोय," म्हणाले. "कधी हा माझा राहतो आणि कधी जातो, ते बघतोय."

"आरसे का झाकलेत?"

"तो यायच्या आधी सगळं मागे सरकतं. रस्ता, माणसं, तुम्ही. मधे काच आल्यासारखं. सगळे तुमच्या फ्रेममधल्या फोटोंसारखे होतात, फक्त हलणारे. आरशात मी दिसतो, तोही तसाच. मग वाटतं, हा जो बघतोय तो कोण?" त्यांनी कात्री खाली ठेवली. "वेड लागतंय मला. किंवा छाती फुटणार आहे. दोन्हीतलं एक आधी होईल एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि स्वतःचा एक फोटो काउंटरवर ठेवला. तरुणपणीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला. "मोठा करून काळी फ्रेम घाला," म्हणाले. "ऐनवेळी तिची धावपळ नको."

माझ्याकडे येणारे निम्मे फोटो गेलेल्या माणसांचेच असतात. पण गेलेल्या माणसाने स्वतः येऊन माप सांगितल्याची ही पहिलीच वेळ. मी नाही म्हणायला हवं होतं की नको, मला कळेना. मी तो ठेवून घेतला, आणि मोठा करून आला तेव्हा काळ्या फ्रेममध्ये घालून इतर फोटोंच्या ओळीत भिंतीला टेकवला.

तिथेच तो ताईंनी पाहिला. सलूनचं शटर अर्धं खाली दिसलं म्हणून विचारायला त्या माझ्याकडे वळल्या होत्या. दारातून दोन पावलं आत आल्या, ओळीवरून नजर फिरली आणि थबकली. एवढ्या खमक्या बाई, पण चौकटीला धरून मटकन खाली बसल्या.

"कधी?" एवढंच विचारलं त्यांनी.

"ताई, ताई, तसं नाही! ते जिवंत आहेत. शेजारीच आहेत."

"मग हा कुणी करायला सांगितला?"

"त्यांनीच."

ताईंना उठायला वेळ लागला, पण उठल्या त्या मैदानावरच्या आवाजातच. भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू आलं. "काळी फ्रेम? मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, आधी नंबर माझा! चल, ऊठ. कुठे ते मी सांगते."

त्यांच्या शाळेतल्या एका मुलीची आई मनोविकारतज्ज्ञ होती. बसला हे तयार होईनात, म्हणून आम्ही तिघं चालत गेलो. मखमलराव संपूर्ण रस्ता भिंतीच्या कडेने, एक हात भिंतीवर ठेवून चालले. वाटेत दोनदा ते थांबले आणि मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. रिकामा, उन्हाने पांढरा पडलेला रस्ता. मला कबूल करायला हवं, दुसऱ्या वेळेला मलाही पावलं ऐकू आल्यासारखी वाटली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या, फार हसत नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हाताचं, काचेचं, गच्चीतल्या दाराचं. हृदयाचे कागद पाहिले, थायरॉईड तपासायला सांगितलं, दारू, गोळ्या, झोप, सगळं विचारलं. शेवटी ताईंना राहवलं नाही.

"बाई, मलाही अगदी हेच झालं होतं. तीच धडधड, तेच लांब जाणं. मग मला काही नाही आणि याचं असं का?"

"त्यानंतर तुम्ही सभागृहात जाणं सोडलंत?"

"छे! पुढच्याच आठवड्यात एका लग्नात माइक धरून बोलले."

"तुम्हाला पॅनिक अटॅक आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खूप जणांना आयुष्यात एखादा येतो. येतो, काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. तो नुसता एक प्रसंग. त्याला आजार म्हणत नाहीत." मग त्या मखमलरावांकडे वळल्या. "तुम्हाला येतो तो झटकाही तसाच आहे, ताईंच्यापेक्षा मोठा नाही. फरक झटक्यात नाही, दोन झटक्यांच्या मधल्या वेळात आहे. तुमचे झटके परत परत आले, तेही निमित्त नसताना. आणि मधले सगळे दिवस तुम्ही तो यायची वाट बघत राहिलात. त्यापायी चहा सुटला, जिना सुटला, वस्तरा सुटला. महिनाभर किंवा त्याहून जास्त असं चाललं की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. तो आजार आहे, आणि त्यावर चांगले उपचार आहेत."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," ताई पुटपुटल्या.

"म्हण बरोबर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण त्यांना भित्रा म्हणू नका. शरीरातली धोक्याची घंटा उगाचच वाजते आहे. घंटा खरी आहे. चोर नाहीये."

मखमलरावांनी आपला उजवा हात पुढे केला. "आणि हा? हा माझा नाही असं वाटतं ते?"

"भीतीत आपण भराभर श्वास घेतो. त्याने बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, आजूबाजूचं खोटं वाटायला लागतं. भयंकर वाटतं, पण ते वेड नाही आणि मरणही नाही. हात तुमचाच असतो."

त्यांनी एक गोळी लिहून दिली. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील आणि सुरुवातीला थोडं अस्वस्थ वाटेल, हेही सांगितलं. आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. खरी कसरत तिथे होती. पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा मखमलराव चक्रावून माझ्याकडे आले.

"बाई म्हणतात, तो येत नसेल तर आपणच बोलवायचा. जागच्या जागी धावून छाती धडधडवायची. बारीक नळीतून श्वास घ्यायचा. आणि खुर्चीत बसून गरगर फिरायचं, भोवळ येईपर्यंत. म्हणजे शरीराला कळतं म्हणे की धडधड झाली, भोवळ आली, तरी काही होत नाही."

"खुर्ची तर आहेच आपल्याकडे," मी म्हणालो.

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय. फिरवायला माणूस हवा."

तर पुढचे काही आठवडे दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शेजारच्या दुकानात जाऊन एका मोठ्या माणसाला खुर्चीत घालून फिरवत असे. शटरखालून कुणी पाहिलं असतं तर पानवाल्याला नवी गोष्ट मिळाली असती. दर आठवड्याला एका आरशावरचा टॉवेल काढायचा, हेही ठरलं होतं. बाईंनी मला बजावलं होतं, धीर द्यायचा नाही, नाडी बघायची नाही, पाणी पुढे करायचं नाही. नुसतं तिथे असायचं.

सगळे आरसे उघडे झाले तो दिवस मी विसरलेलो नाही. मी खुर्ची फिरवली. समोरासमोरच्या आरशांत मखमलराव एकामागे एक, लांबपर्यंत, लहान लहान होत गेलेले, आणि सगळेच्या सगळे गरगर फिरतायत. मी हात सोडला. खुर्ची मंदावली, थांबली. आरशांतले सगळे थांबले. आणि त्या सगळ्यांनी एकदमच डोळे विस्फारले.

"येतोय," ते म्हणाले.

मी गप्प राहिलो. खुर्चीच्या हातांवर त्यांची बोटं पांढरी पडली. श्वास शीळ घातल्यासारखा वाजत होता. बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. मला मोठ्याने काहीतरी बोलावंसं वाटत होतं, उठून वहिनींना फोन करावासा वाटत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत. आरशातल्या माणसाकडे बघत राहिले. घाम हनुवटीवरून खाली टपकला. किती वेळ गेला सांगता येत नाही.

मग त्यांचे खांदे एकदम खाली आले.

"गेला," ते म्हणाले. "फ्रेमवाले, मी काहीच केलं नाही. तो आपणच गेला."

आणि आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं, खरंच कुणी बाहेर पडल्यासारखं. मग एकमेकांकडे पाहून हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ते हसले होते.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. गोळीने सुरुवातीला झोप उडाली, म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली. बाईंनी समजावलं, पुन्हा सुरू केली. एकदा बाजाराच्या गल्लीतून अर्ध्या वाटेवरून पळत परत आले आणि चार दिवस घराबाहेर पडले नाहीत. वहिनी रडकुंडीला आल्या. "अहो, मी शेजारच्या खोलीत जाते तरी हाक मारता! मी काय ऑक्सिजनची नळी आहे?" त्या बोलून गेल्या आणि मग ते दोघंही खूप वेळ बोलत बसले. तिथून वहिनींनी हळूहळू दूर जायला सुरुवात केली. आधी शेजारच्या खोलीत, मग खालच्या किराणा दुकानापर्यंत, मग आपल्या बहिणीकडे दिवसभर.

वस्तऱ्याची पाळी सगळ्यात उशिरा आली. नव्या कारागिराला फुग्यावर साबण लावून दाढी शिकवतात. मखमलराव या वयात पुन्हा फुग्यापासून सुरू झाले. पहिले काही फुटले. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडे 'फट्ट' झालं की मी काच कापता कापता दचकायचो. मग फुटायचे थांबले. एके दिवशी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले आणि माझ्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. मी टेबल आवरलं आणि उठलो. भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. मान मागे टाकताना मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मधेच एकदा त्यांचा हात थांबला. आरशात मला त्यांची कलती झालेली मान दिसली. मग त्यांनी एक श्वास सोडला, वस्तरा पुसला आणि पुढे चालवला.

काळ्या फ्रेममधला तो फोटो ताई घेऊन गेल्या. फ्रेम मात्र बदलून घेतली. घरात भिंतीवर लावायला आपल्या तरुण भावाचा एवढा चांगला फोटो त्यांच्याकडे नव्हताच म्हणे.

आता मखमलराव बसने जातात, चहा पितात. गोळी बाईंनी हळूहळू कमी करत आणली आहे. झटके पूर्ण गेले का? नाही. क्वचित एखादा येतो. पण तो आला तरी आता त्याच्या पाठोपाठ काही येत नाही. नाडीवरची बोटं गेली, ऐकणं गेलं.

परवाच एक नवं गिऱ्हाईक माझ्या दुकानात शिरलं. केस ताजे कापलेले, मानेवर पावडर. काच बघायच्या बहाण्याने जरा घुटमळलं.

"तुमचे शेजारी माणूस चांगले आहेत," तो म्हणाला, "पण विचित्र. केस कापता कापता एकदम थांबले. कात्री खाली ठेवली, मला म्हणाले, 'दोन मिनिटं बसा हं, जरा एकाला जाऊ द्यायचंय.' आणि नुसते उभे राहिले. आरशात बघत. मी सगळ्या दुकानात पाहिलं. कोणीच नव्हतं हो."

"मग?"

"मग थोड्या वेळाने म्हणाले, 'हं, कुठे होतो आपण?' आणि माझ्या मुलाच्या नोकरीचं मी सांगत होतो, तिथूनच विषय पुढे नेला." त्याने मानेवरची पावडर झटकली आणि आवाज खाली आणला. "कोण येतं हो त्यांच्याकडे?"

मी त्याला स्टूल पुढे केलं आणि सगळं सांगितलं.